झार गेला, मग सत्ता कोणाची? फिनलंडच्या घटनेची केस, १९१७ ते १९१९

फिनलंडच्या घटनेबद्दल बोलायचं म्हटलं की बहुतेक जण ६ डिसेंबर १९१७ पासून सुरू करतात, स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि देश जन्माला आला असं. पण कायद्याच्या बाजूने बघितलं तर खरी केस त्याआधी नऊ महिने उभी राहिली, १५ मार्च १९१७ ला, रशियाचा झार दुसरा निकोलस गादीवरून उतरला त्या दिवशी. कारण तो नुसता रशियाचा झार नव्हता, तो फिनलंडचा ग्रँड ड्यूकही होता, म्हणजे फिनलंडच्या कायद्याप्रमाणे राज्यप्रमुख. आता तो नाही, त्याच्या घराण्यातला दुसरा कोणी गादीवर येत नाही, मग कायद्यावर सही करणं, संसद बोलावणं, संसद बरखास्त करणं, अधिकारी नेमणं हे त्याचे सगळे अधिकार कोणाकडे गेले? घरातला मूळपुरुष गेल्यावर सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढवायचं यावरून भावाभावांत जे होतं तेच इथे एका देशाचं झालं, आणि त्याची किंमत फार मोठी पडली. मला या सगळ्या इतिहासात हीच अडीच वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात, म्हणून इथे तेवढीच केस नीट मांडतोय.

आधीचं थोडं, कारण त्याशिवाय काहीच कळत नाही

फिनलंड शेकडो वर्षं स्वीडनचा भाग होता. १८०८-०९ च्या युद्धात रशियाने तो जिंकला आणि मार्च १८०९ मध्ये पहिला अलेक्झांडर पोर्वो गावात आला, तिथे चारही वर्गांची म्हणजे सरदार, धर्मगुरू, शहरी लोक आणि शेतकरी यांची सभा भरवली आणि लेखी वचन दिलं की तुमचा धर्म, तुमचे मूलभूत कायदे आणि तुमचे हक्क आहेत तसेच राहतील. आता गंमत नाही, गांभीर्याने बघा, त्या वचनात कुठल्याच कायद्याचं नाव नाही. फिनिश वकिलांनी सांगितलं की मूलभूत कायदे म्हणजे स्वीडनच्या काळातले दोन, राजा तिसरा गुस्ताव याने १७७२ मध्ये सत्ता हातात घेतल्यावर आणलेला शासनपद्धतीचा कायदा आणि त्याचाच १७८९ चा पुरवणी कायदा. हे दोन्ही राजाला भरपूर ताकद देणारे होते, त्यामुळे झारला पण चालण्यासारखे होते. खुद्द स्वीडनने जून १८०९ मध्ये १७७२ चा कायदा टाकून देऊन नवी घटना केली, म्हणजे ज्या देशात हा कायदा जन्मला तिथे तो संपला आणि ज्या तुकड्याला रशियाने तोडून नेलं तिथे तो पुढे ११० वर्षं चालू राहिला!

झारने वचन दिलं खरं पण पुढे १८६३ पर्यंत ती चार वर्गांची सभा बोलावलीच नाही. दुसऱ्या अलेक्झांडरने ती पुन्हा सुरू केली, १८६९ मध्ये सभेचा स्वतःचा कायदा झाला, आणि मग लिओ मेकेलिनसारखे कायदेपंडित ठामपणे लिहायला लागले की फिनलंड हे वेगळं राज्य आहे, त्याला स्वतःची घटना आहे, झार इथे घटनेने बांधलेला आहे. रशियातल्या राष्ट्रवादी लोकांना हे अजिबात पटलं नाही, त्यांच्या मते तो जिंकलेला प्रांत होता आणि झारने दिलेलं झार परत घेऊ शकतो. १५ फेब्रुवारी १८९९ च्या जाहीरनाम्याने तेच झालं, साम्राज्याशी संबंध असलेल्या कायद्यात फिनलंडच्या सभेचं फक्त मत घेतलं जाईल, निर्णय झारचा. त्याविरुद्ध अवघ्या दोन आठवड्यांच्या आत पाच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या, भर हिवाळ्यात, गावोगाव फिरून, आणि पाचशे लोकांचं शिष्टमंडळ घेऊन गेलं तर झारने भेट नाकारली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की या लोकांना जुना कायदा धरून ठेवायची सवय का लागली ते कळावं. त्यांच्याकडे सैन्य नव्हतं, होता तो फक्त कायद्याचा कागद. न्यायाधीश स्विनहुवुद यांनी बेकायदा नेमलेल्या रशियन अधिकाऱ्याचा हुकूम मानला नाही म्हणून त्यांना १९१४ मध्ये सैबेरियात पाठवलं गेलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१९०६ ची संसद आणि तिचा ब्रेक

१९०५ च्या सार्वत्रिक संपानंतर झारला माघार घ्यावी लागली आणि १९०६ मध्ये चार वर्गांची सभा जाऊन एकदम २०० सदस्यांची एकच संसद आली, २४ वर्षांवरच्या सगळ्या स्त्री-पुरुषांना मत, आणि स्त्रियांना उभं राहायचाही हक्क. १९०७ च्या निवडणुकीत १९ बायका निवडून आल्या. हे सगळीकडे सांगितलं जातं आणि सांगायलाच पाहिजे, पण त्याच कायद्यात एक कलम होतं ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि माझ्या मते आपल्या केसची किल्ली तिथेच आहे.

ते असं की घटनात्मक कायदा बदलायचा असेल तर प्रस्ताव आधी निवडणूक होईपर्यंत बाजूला ठेवायचा आणि नव्या संसदेने २/३ बहुमताने पास करायचा. थांबायचं नसेल, आत्ताच करायचं असेल, तर आधी ५/६ सदस्यांनी "हे तातडीचं आहे" असं ठरवायचं, आणि मग पुन्हा २/३ लागणारच. जुन्या सभेत घटना बदलायला चारही वर्गांची संमती लागायची, म्हणजे एक वर्ग अडला की विषय संपला. आता सगळ्यांना मत दिल्यावर वरच्या वर्गाला भीती वाटत होती की कामगारांचं बहुमत उद्या सगळंच उलटंपालटं करेल, म्हणून हा ब्रेक. आपल्याकडे संसदेत घटनादुरुस्तीला हजर सदस्यांच्या २/३ लागतात तेही जड वाटतं, इथे घाई करायची तर सहातले पाच जण तुमच्या बाजूने हवेत, याचा अर्थ एक षष्ठांशाहून थोडे जास्त लोक ठरवून बसले तर गाडी जागेवर थांबते.

१९१७, पहिला डाव

आता मूळ प्रश्नावर. रशियाच्या हंगामी सरकारने २० मार्च १९१७ ला फिनलंडचे हक्क परत दिले, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, झारचे अधिकार आमच्याकडे आले, ग्रँड ड्यूकचे पण आमच्याकडेच. फिनलंडमधल्या बऱ्याच उजव्या लोकांना हे निदान तात्पुरतं तरी मान्य होतं. पण संसदेत सोशल डेमोक्रॅटांच्या, म्हणजे कामगारांच्या डाव्या पक्षाच्या, २०० पैकी १०३ जागा होत्या, सिनेटचे (फिनलंडमध्ये तेव्हा सिनेट म्हणजे सरकार, संसदेचं सभागृह नव्हे) प्रमुख ओस्कारी टोकोई त्यांचेच, आणि ते म्हणाले की ज्याच्याशी आमचं नातं होतं तो माणूसच उरला नाही तर त्याचे अधिकार दुसऱ्या देशाच्या कुठल्यातरी कमिटीला कसे मिळतील, ते आमच्या लोकांनी निवडलेल्या संसदेकडेच यायला पाहिजेत. कायद्याचा मुद्दा म्हणून मला हा पक्का वाटतो. ग्रँड ड्यूकचं पद फिनिश कायद्यातून येत होतं, रशियन क्रांतीतून नाही.

१८ जुलै १९१७ ला संसदेने सत्तेचा कायदा पास केला, तातडीसाठी लागणारे ५/६ मिळाले आणि मग १३६ विरुद्ध ५५. परराष्ट्र आणि लष्कर सोडून सगळी सत्ता संसदेकडे, आणि संसद बरखास्त करायचा हक्कही तिचा तिच्याकडे. त्यांचा अंदाज असा होता की पेत्रोग्राडमधलं, म्हणजे रशियाच्या राजधानीतलं सरकार त्या आठवड्यात पडणारच आहे, तिथे उठाव चालू होता. पण सरकार पडलं नाही, उठाव मोडला गेला, आणि ३१ जुलैला हंगामी सरकारने फिनलंडची संसदच बरखास्त केली. तो हुकूम फिनलंडमध्ये जाहीर करायचा की नाही यावर सिनेटमध्ये मतं समसमान पडली आणि रशियन गव्हर्नर जनरलच्या एका मताने ते ठरलं. विचार करा, नव्या कायद्याप्रमाणे बरखास्तीचा अधिकारच उरला नव्हता, जुन्या कायद्याप्रमाणे तो ग्रँड ड्यूकचा होता जो अस्तित्वात नव्हता, आणि तरी निर्णय झाला.

उजव्या पक्षांनी ही बरखास्ती चालवून घेतली कारण नवी निवडणूक त्यांच्या फायद्याची होती. इथे मला त्यांचा खूप राग येतो, स्पष्टच सांगतो. ज्यांनी १८९९ पासून "बाहेरून आलेला बेकायदा हुकूम मानणार नाही" म्हणून नोकऱ्या घालवल्या, सैबेरिया भोगला, त्याच वर्तुळातल्या लोकांनी बाहेरून आलेला हुकूम सोयीचा म्हणून मान्य केला. ऑक्टोबरच्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट १०३ वरून ९२ वर आले. बहुमत गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या कामगार मतदारांचा संसदेच्या मार्गावरचा विश्वास उडायला लागला. आठ तासांचा दिवस, गावपातळीवरचा मताधिकार, हे कायदे पण वरच्या मंजुरीसाठी अडकून बसलेले होते, वर धान्याची टंचाई, बेकारी, आणि शिस्त राखायला देशाचे स्वतःचे पोलीस धड नाहीत.

नोव्हेंबरमध्ये बोल्शेविकांनी हंगामी सरकार उलथवलं आणि प्रश्न पुन्हा तिथेच. आता उजव्यांनी १७७२ चा कायदा बाहेर काढला, कलम ३८, राजघराणं नामशेष झालं तर पुढची व्यवस्था सभेने करायची. त्याच्या आधारावर तीन राज्यपालक, म्हणजे राजाच्या जागी तात्पुरता कारभार बघणारे, नेमावेत असं ठरत होतं. पण सार्वत्रिक संप सुरू झाला, आणि १५ नोव्हेंबरला संसदेने १२७ विरुद्ध ६८ मतांनी ठरवलं की सध्यापुरती सर्वोच्च सत्ता आम्हीच वापरतो. शेतकरी पक्षाचे सान्तेरी आल्कियो यांनी यात पुढाकार घेतला होता. म्हणजे जुलैमध्ये जे बेकायदा म्हणून मोडलं तेच चार महिन्यांनी जवळपास तसंच पास झालं, फक्त मधल्या काळात एकमेकांवरचा भरवसा संपला होता. ४ डिसेंबरला स्विनहुवुद यांच्या सिनेटने स्वातंत्र्याची घोषणा आणि प्रजासत्ताकाच्या घटनेचा मसुदा संसदेत ठेवला, ६ डिसेंबरला घोषणा १०० विरुद्ध ८८ ने मान्य झाली (विरोधकांनाही स्वातंत्र्य हवंच होतं, वाद रशियाशी बोलून करायचं की आपणच जाहीर करायचं याचा होता). मसुदा तसाच राहिला.

जानेवारी १९१८ च्या शेवटी यादवी युद्ध सुरू झालं, मेच्या मध्यापर्यंत चाललं, पांढरे म्हणजे उजव्या सिनेटच्या बाजूचे जिंकले, जर्मन सैन्याची मदत घेऊन. ३६ हजारांच्या वर माणसं मेली, त्यातली दहा हजारांहून जास्त युद्ध संपल्यावर कैद्यांच्या छावण्यांमध्ये, भुकेने आणि रोगाने. तीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश होता हो. हे सगळं फक्त कायद्याच्या वादातून झालं असं मी म्हणत नाही, जमीन होती, भूक होती, रशियन सैनिक होते, पण १९१७ च्या उन्हाळ्यात जी सत्तेची जागा रिकामी राहिली आणि ज्या पद्धतीने भरली गेली त्याचा यात मोठा वाटा आहे.

१९१८, अर्ध्या संसदेचा राजा

युद्धानंतर जी संसद भरली तिच्यात शंभराच्या थोडेसेच वर लोक होते. ९२ सोशल डेमोक्रॅटांपैकी कोणी रशियात पळालेले, कोणी तुरुंगात, प्रत्यक्षात एकच जण येऊन बसत होता, मात्ती पासिवुओरी. या संसदेने स्विनहुवुद यांना राज्यपालक केलं आणि पासिकिवी यांच्या सिनेटने डिसेंबरचा प्रजासत्ताकाचा मसुदा बाजूला सारून राजेशाहीची घटना आणली. त्यांचा विचार असा की मजबूत राजा पाहिजे, कामगारांचं संसदीय बहुमत पुन्हा कधी डोक्यावर बसू नये, आणि जर्मन राजपुत्र आणला की जर्मनी पाठीशी राहील.

आणि इथे तो ब्रेक लागला. शेतकरी पक्ष आणि थोडे प्रजासत्ताकवादी उदारमतवादी, एवढेच लोक विरोधात होते, पण ते एक षष्ठांशाहून जास्त होते. ऑगस्टमध्ये तातडीचं मतदान झालं आणि ५/६ मिळाले नाहीत. म्हणजे नियमाप्रमाणे आता निवडणूक होईपर्यंत थांबायचं. ज्या कलमाचा जन्म डाव्यांच्या बहुमताला अडवायला झाला त्याने राजेशाहीवाल्यांना अडवलं, आणि अडवणारे होते छोटे शेतकरी.

थांबायची तयारी नव्हती. मग परत १७७२, परत कलम ३८. युक्तिवाद असा की जुना कायदा अजून लागू आहे, त्याप्रमाणे देश राजेशाहीच आहे, राजघराणं संपलंय, तेव्हा नवा राजा निवडायला घटना बदलायची गरजच नाही, साधं बहुमत पुरे. ९ ऑगस्टला संसदेने राजा शोधायची सुरुवात करायला सांगितलं आणि ९ ऑक्टोबर १९१८ ला हेसेचा राजपुत्र फ्रिडरिख कार्ल, जर्मन कैसरच्या बहिणीचा नवरा, राजा म्हणून निवडला गेला.

मी या युक्तिवादावर बराच विचार केला आणि मला तो टिकत नाही असंच वाटतं. एक तर कलम वंश खुंटण्याबद्दल होतं आणि रोमानोव्ह घराणं खुंटलेलं नव्हतं, त्याची सत्ता गेली होती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, याच संसदेने १५ नोव्हेंबरला सर्वोच्च सत्ता स्वतःकडे घेतलीय आणि डिसेंबरमध्ये प्रजासत्ताक म्हणून स्वातंत्र्य जाहीर केलंय, मग त्यानंतर तोच कायदा जसाच्या तसा उभा कसा? आणि तिसरं, जे माझ्यासाठी सगळ्यात मोठं, मतदारांनी निवडलेल्या संसदेतला जवळजवळ अर्धा भाग बाहेर असताना पुढच्या पिढ्यांना बांधणारा निर्णय घ्यायचा, हे कुठल्याही कलमाने झाकता येत नाही. कायदेतज्ञ आणि प्रजासत्ताकाच्या मसुद्याचे जनक के. यो. स्टोलबर्ग हे पहिल्यापासून राजेशाहीच्या विरोधात ठाम उभे राहिले, जिंकलेल्या बाजूत असूनही, आणि त्या वातावरणात ते सोपं नव्हतं.

निकाल मात्र युक्तिवादाने नाही लागला, तो महायुद्धाने लावला. राजा निवडल्यावर महिन्याभरात, ९ नोव्हेंबरला कैसरचं राज्य गेलं, दोन दिवसांनी युद्ध संपलं. फ्रान्सने या जर्मन राजामुळे संबंध तोडलेलेच होते, ब्रिटन आणि अमेरिका मान्यता द्यायला तयार नव्हते. १४ डिसेंबरला फ्रिडरिख कार्लने नकार कळवला, तो राजा म्हणून फिनलंडला आलाच नाही. स्विनहुवुद बाजूला झाले आणि यादवी युद्धातले पांढऱ्यांचे सेनापती मानरहाइम राज्यपालक झाले.

१९१९, ५/६ ची मांडवली

मार्च १९१९ मध्ये निवडणूक झाली. युद्ध हरलेले, हजारो माणसं गमावलेले, कित्येकांचा मताधिकार काढून घेतलेला, तरी सोशल डेमोक्रॅटांना ८० जागा मिळाल्या, शेतकरी पक्षाला ४२, उदारमतवादी प्रगती पक्षाला २६. प्रजासत्ताक होणार हे आता नक्की झालं. पण कसलं प्रजासत्ताक? डाव्यांना संसदेच्या हातात जवळपास सगळं हवं होतं, उजव्यांना राजा नाही तर निदान राजासारखा राष्ट्राध्यक्ष. दोन्ही बाजू ५/६ अडवू शकत होत्या, आणि जूनमध्ये पहिल्या फेरीत मसुदा खरंच तिथेच अडला. मग नवा तडजोडीचा प्रस्ताव घाईघाईने उभा केला गेला आणि २१ जून १९१९ ला १६५ विरुद्ध २२ ने पास झाला.

त्या आकड्याकडे नीट बघा. सव्वा वर्षापूर्वी एकमेकांना गोळ्या घालणारे दोन गट, आणि १६५. हा काही प्रेमाचा आकडा नाही, यापेक्षा कमी चाललंच नसतं म्हणून तो गाठावा लागला, आणि त्याच्यासाठी प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलं. कलम २ म्हणतं सत्ता लोकांची आणि लोकांच्या वतीने संसद ती वापरते, सरकारला संसदेचा विश्वास लागतो, हे डाव्यांना आणि शेतकरी पक्षाला. राष्ट्राध्यक्ष सहा वर्षांसाठी, लोकांनी निवडलेल्या ३०० मतदार-प्रतिनिधींमार्फत, त्याला संसद बरखास्त करता येते, कायदा अडवून पुढच्या निवडणुकीपलीकडे ढकलता येतो, परराष्ट्र धोरण त्याच्या हातात, हे उजव्यांना. फिनिश आणि स्वीडिश दोन्ही राष्ट्रीय भाषा. बऱ्याच ठिकाणी याचं वर्णन हुशारीने काढलेला मधला मार्ग असं करतात, मला वाटतं हुशारी होतीच, पण मुख्य जोर त्या ५/६ चा होता.

१७ जुलै १९१९ ला मानरहाइम यांनी सही केली. त्यांनी सही करू नये, हुकूमत हातात घ्यावी आणि पेत्रोग्राडवर चालून जावं म्हणून त्यांच्यामागे लागलेले लोक होते, त्यांनी ऐकलं नाही. आठच दिवसांनी पहिला राष्ट्राध्यक्ष, त्या एका वेळेपुरता अपवाद म्हणून, संसदेनेच निवडला, स्टोलबर्ग १४३, मानरहाइम ५०. आणि त्या १७ जुलैच्या कायद्याने १७७२ आणि १७८९ चे कायदे एकदाचे रद्द केले.

पुढे काय झालं

या घटनेला न्यायालयाने नाही सांभाळलं, फिनलंडमध्ये घटनात्मक न्यायालय नाहीच, विधेयक घटनेत बसतं का हे संसदेचीच घटना समिती आधी तपासते. आणि बसत नसेल तरी घटनादुरुस्तीच्या पद्धतीने म्हणजे ५/६ आणि २/३ ने ते अपवादाचा कायदा म्हणून पास करता येतं, घटनेचा शब्द न बदलता. याचा सगळ्यात गाजलेला वापर जानेवारी १९७३ मध्ये झाला, राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांची मुदत निवडणूक न घेता चार वर्षांनी वाढवली, १७० विरुद्ध २८. इथे मला ५/६ चा ब्रेक कमी पडलेला दिसतो, कारण सगळे मोठे पक्ष एकाच बाजूला गेले की उरलेल्यांच्या हातात काहीच राहत नाही आणि कोर्टातही जाता येत नाही. आपल्याकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेलाही घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. तसं कुंपण फिनलंडमध्ये तेव्हा नव्हतं.

१ मार्च २००० ला नवी घटना लागू झाली, १९१९ चा कायदा आणि त्याच्यासोबतचे तीन घटनात्मक कायदे एकत्र करून. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार खूप कमी झाले, पंतप्रधान संसद निवडते, आणि कलम १०६ प्रमाणे कायदा घटनेच्या उघड विरोधात असेल तर न्यायालयाने घटनेला प्राधान्य द्यायचं. कलम ७३ मध्ये मात्र तीच जुनी पद्धत ठेवली आहे, थांबा आणि नव्या संसदेत २/३ आणा, नाहीतर आत्ता ५/६. २०१८ मध्ये गुप्तवार्ता कायद्यांसाठी पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेचं कलम तातडीने बदलायचं ठरलं तेव्हा सरकारला विरोधी पक्षांपैकी बहुतेकांना आधी पटवून द्यावं लागलं.